तांब्या, पेला आणि दोन कार्डं

विमलआत्या,

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणसं मावेनात म्हणून बाहेर मांडव घालावा लागला. तुझ्या शाळेतल्या बाई बोलल्या, जुन्या विद्यार्थिनी बोलल्या, काहींना बोलता बोलता रडू आलं. शिस्तप्रिय, कष्टाळू, मितभाषी अशी तुझी बरीच विशेषणं मी ऐकली. मितभाषी म्हटल्याबरोबर मंजूनं माझ्याकडं बघितलं आणि आम्हां दोघा नवरा-बायकोला नको त्या जागी हसू फुटायला लागलं. मला खोकल्याचं सोंग करून बाहेर जावं लागलं. तू असतीस तर आधी स्वतः हसली असतीस आणि वर मलाच दटावलं असतंस, की गप बस, लोकं काय म्हणतील.

पण एक गोष्ट मला खटकली. एवढ्या भाषणांत तुझ्या ग्राफिक्स कार्डाचं नाव कुणी काढलं नाही. माझ्या हातात माईक आला तेव्हा वाटलं, आपणच सांगावं. पण शोकसभेत उभं राहून, माझं आणि आत्याचं कॉम्प्युटरच्या एका भागावरून भांडण चालू होतं, ते अर्ध्यात राहिलंय आणि माझा जीव त्यात अडकलाय, असं कसं सांगायचं? लोकांनी पाणी पाजून मला खाली बसवलं असतं. म्हणून चार शब्द बोललो आणि माईक देऊन टाकला. आता पाहुणे गेलेत. तुझ्या फ्लॅटची किल्ली माझ्याकडं आहे आणि मी तुझ्या खुर्चीत बसलोय. जुनं कार्ड चांगलं की नवं, याचा निकाल द्यायचं तू मला कबूल केलं होतंस आणि न देताच गेलीस. ते भांडण मला पुरं करायचंय.

तू निवृत्त झालीस आणि आठवड्याच्या आत माझ्या ऑफिसात येऊन बसायला लागलीस. ऑफिस म्हणजे काय, जुळे सोलापुरातला एक गाळा, दोन टेबलं आणि एक कॉम्प्युटर. जे बंगले अजून बांधलेच नाहीत त्यांची चित्रं मी त्यावर तयार करतो. बिल्डर लोक ती दाखवून गिऱ्हाईक बोलावतात. जन्मभर पोरींना चित्रकला शिकवलेली बाई पाठीमागं उभी राहिली की काम करणं काय असतं ते माझं मला माहीत. तू डबा टेबलावर ठेवायचीस, पदर खोचायचीस आणि पडद्यावर बोट ठेवायचीस. पहिल्याच दिवशी ते बोट पडलं बंगल्याच्या सावलीवर. मी चित्रात भर दुपार दाखवली होती, पण कॉम्प्युटरमधला सूर्य कुठल्यातरी थंड मुलखातला होता आणि सावली अंगणभर पसरली होती. मे महिन्यात बाराला सोलापुरात एवढी सावली पडली असती तर निम्मं गाव तिच्यात जाऊन झोपलं असतं, असं तू म्हणालीस. मला राग आला, पण मुकाट्यानं सूर्य डोक्यावर आणला. चित्र एकदम आपल्या गावचं झालं.

तेव्हा माझ्या मशीनमध्ये होतं ते आपलं जुनं कार्ड. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं होतं की कॉम्प्युटरच्या पोटातलं चित्रं रंगवायचं खातं. तू म्हणालीस, मग सरळ चित्रकलेची बाई म्हण की. त्या बाईला दोन पंखे होते आणि चित्र करायला बसली की ती पिठाच्या गिरणीसारखी घुमायची. पुढं कामं वाढली, मोठे बिल्डर यायला लागले आणि मी नवं कार्ड घेतलं.

आपल्या घरात उतरणीची पद्धत आहे. मोठ्याचा शर्ट धाकट्याला, धाकट्याचा त्याहून धाकट्याला, आणि शेवटी लादी पुसायला. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हे उलटं चालतं. माझा जुना फोन तुझ्याकडं, जुना मॉनिटर तुझ्याकडं, आणि आता जुनं कार्ड घातलेलं आख्खं मशीनच तुझ्याकडं आलं. दुसऱ्या कुणाला उतरण घ्यायचा कमीपणा वाटला असता. तू त्या मशीनवर स्वच्छ टॉवेल घातलास आणि त्या दिवसापासून जुन्या कार्डाला थोरलं आणि माझ्या नव्याला धाकटं म्हणायला लागलीस. थोरल्याचा अपमान झालेला तुला खपायचा नाही. मी नुसतं म्हणालो होतो की ते आता म्हातारं झालंय, तर तू दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाहीस.

आणि मग तूच सामना लावलास. तुझ्या म्हणण्याप्रमाणं कागदावरचे आकडे बघून कोण हुशार ते ठरत नाही, परीक्षा घ्यावी लागते. परीक्षा कसली, तर तू वर्षानुवर्षं घेत आलेली वस्तुचित्राची. खिडकीजवळ स्टूल, त्यावर सोलापुरी चादर अशी टाकायची की दोन-तीन घड्या पडल्या पाहिजेत, तिच्यावर तांब्याचा एक तांब्या आणि शेजारी स्टीलचा पेला. तांब्यात पेल्याचं प्रतिबिंब, पेल्यात खिडकीचं, आणि चादरीत दोघांच्या सावल्या. पोरी याच मांडणीला घाबरायच्या म्हणे. मी ती मांडणी जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये उभी केली. नियम असा ठरला की दर रविवारी दोन्ही मशीनवर एकच चित्र सोडायचं आणि निकाल तू द्यायचा. माझं मशीन चादरीत गुंडाळून, मंजूच्या मांडीवर देऊन, मी स्कूटरवरनं तुझ्या घरी आणायचो. वाटेत ओळखीचे लोक विचारायचे, बाळ कुणाचं?

वेळेच्या बाबतीत वादच नव्हता. थोरल्यावर चित्र पुरं होईपर्यंत तुझा भात शिजून, वरणाला फोडणी पडून, कोशिंबीरही व्हायची. धाकटं चहा गाळेपर्यंत मोकळं. मी छाती फुगवून बसायचो. पण तुला घाई आवडायचीच नाही. थोरलं चित्र करताना आधी पडद्यावर नुसते ठिपके यायचे, रांगोळी सांडल्यासारखे. कार्ड प्रकाश मोजत जायचं तसे ते ठिपके भरत जायचे आणि त्यातून हळूहळू तांब्याचा गळा वर यायचा, मग पोट, मग त्याच्यावरची चकाकी. तू स्वयंपाक अर्धा सोडून ते बघायला येऊन उभी राहायचीस. पळी हातात तशीच.

धाकट्याची गोष्ट वेगळी होती. ते थोडं मोजायचं आणि उरलेलं अंदाजानं भरून टाकायचं. नव्या कार्डांना तशी युक्ती शिकवलेलीच असते आणि तो अंदाज सहसा बरोबर येतो. पण तू चादरीच्या काठावर बोट ठेवलंस. सूत दिसत नव्हतं. धाग्यांच्या जागी एक गुळगुळीत पट्टा आला होता.

"हे बघत नाही रे संद्या, ठोकून देतंय," तू म्हणालीस. "पाठ करून आलेली पोरगी हाय ही. चादर समोर ठेवलीय, तरी घरनं पाठ केलेलीच काढतीय."

मी तुला समजावलं की ती युक्ती बंद करता येते, मग दोन्ही कार्डं अगदी एकच चित्र देतात, फरक राहतो तो फक्त वेळेचा. त्यावर तू विचारलंस की मग एवढा आटापिटा करून नवं घेतलंस कशाला. मी म्हणालो, वेळ वाचवायला. वाचलेल्या वेळात काय करतोस, असं विचारलंस. खरं सांगायचं तर वाचलेल्या वेळात मी तुझ्याशी भांडत होतो. बिल्डर तर दिलेल्या तारखेच्या आधीच तगादा लावतात हे तुला कळत नव्हतं असं नाही, पण कळलंय असं दाखवणं तुझ्या स्वभावात नव्हतं.

असे किती रविवार गेले. नंतर नंतर तुझ्या तक्रारी कमी झाल्या. चादरीच्या सुताचं तू नाव काढेनाशी झालीस. मी मुद्दाम अंदाजाची युक्ती चालू ठेवून चित्र दाखवलं तरी तुझं म्हणणं एकच, दोन्हीत काही फरक नाही. मला वाटलं, म्हातारी थकली, मुद्दे संपले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मग तुझं नवंच सुरू झालं. दोन्ही चित्रं पिवळी दिसतात. तांब्याचं एक वेळ ठीक, पण स्टीलचा पेला पितळी कसा दिसतोय? रंगाच्या बाबतीत तुझा शब्द माझ्यासाठी शेवटचा. तू पिवळं म्हटलंस म्हणजे पिवळंच असणार. मी केबल बदलली. मॉनिटर बदलला. कार्डाच्या सेटिंगात जाऊन निळा रंग वाढवला, तुला दाखवला, तू म्हणालीस अजून थोडा. अजून वाढवला. अजून थोडा. शेवटी तुझ्या मनासारखा पेला झाला तेव्हा मी तोच आकडा ऑफिसच्या सगळ्या चित्रांना लावून टाकला.

आठ दिवसांत मोहोळच्या बिल्डर अण्णांचा फोन आला. त्यांच्या हायवेलगतच्या रो-हाऊसची चित्रं मी पाठवली होती. "आवो संदेशराव," ते म्हणाले, "बंगला निळा पडलाय की. साप चावला का काय त्याला?"

मी ते तुला येऊन सांगितलं. तू पोट धरून हसलीस, आणि हसता हसता म्हणालीस, मग तुझ्या ऑफिसच्या भिंतीला पण जरा साप चावू दे, तीही पिवळी पडलीय. ती भिंत मी गेल्याच महिन्यात पांढरी करून घेतली होती. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मंजूनं माझा दंड धरला. ती उठली, आपली ओढणी तुझ्यासमोर धरली आणि विचारलं, आत्या, हा रंग कुठला? तू म्हणालीस, सायीचा. ओढणी पांढरीशुभ्र होती. मी केबल बदलली होती, मॉनिटर बदलला होता, अख्ख्या मोहोळचे बंगले निळे केले होते, आणि बिघाड होता तो बघणाऱ्या माणसात. अशी चूक जगात दुसऱ्या कुणाच्या घरात झाली असेल असं मला वाटत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलाय, आधी तो करू. तू त्यांना विचारलंस, नव्या भिंगात अंदाजानं भरायची युक्ती नाही ना? त्या बिचाऱ्या गोंधळल्या. मी मध्ये पडून म्हणालो, काही नाही मॅडम, घरातला वाद आहे.

पट्टी सोडली तो दिवस आठवतो. तू आधी खिडकीकडं बघितलंस, मग बराच वेळ माझ्याकडं.

"संद्या," तू म्हणालीस, "तुझं डोकं एवढं पिकलं कधी रे?"

मंजू खिदळायला लागली. घरी आल्यावर मात्र तिचं हसू पळालं, कारण तू स्वयंपाकघरात शिरलीस आणि तुला तुझ्याच फरशा, डबे, शेगडीमागची भिंत पहिल्यांदा दिसली. डॉक्टरांनी वाकायला मना केलं होतं म्हणून तू खुर्चीत बसून आम्हा दोघांकडून सगळं घासून घेतलंस. तो कोपरा राहिला, हा डाग राहिला. थोरल्यानं दाखवलं नव्हतं ते सगळं आता धाकट्यानं दाखवायला सुरुवात केली होती. ही नावं तूच डोळ्यांना दिलीस. डावा डोळा थोरलं, उजवा धाकटं.

ते दिवस काय मजेचे गेले. तू एक डोळा मिटायचीस आणि दुसऱ्यानं बघायचीस, मग उलट. तळ्याकाठी नेलं तर आकाश एका डोळ्यानं हळद घातलेल्या दुधासारखं आणि दुसऱ्यानं निळंभोर. रिक्षात बसल्यावरही तेच चालू. आरशातून रिक्षावाल्याला वाटलं, तुझं काहीतरी बिनसलंय. त्यानं काळजीनं विचारलं, "खाला, आँख में कुछ गया क्या?" तू म्हणालीस, नाही रे बाबा, थोरलं-धाकटं बघतेय. त्यानं पुढं काही विचारलं नाही, पण रिक्षा फार जपून चालवली. भाजी बाजारात तू वांग्यांच्या ढिगापुढं उभी राहिलीस आणि तिथनं हलेनाशी झालीस. मला वाटलं, चक्कर आली.

"वांग्याला निळी झाक असती रे," तू म्हणालीस. "वर्गात पोरींना घसा फोडून सांगायची, वांग्यात निळा मिसळा. आणि माझी मीच विसरले होते की."

तुझे डोळे भरले होते. मी तिकडं बघितलं नाही असं दाखवून वांगी घेतली, नको इतकी घेतली. आठवडाभर आपण भरलं वांगं खाल्लं.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या सामन्याची मी किती वाट बघितली असेल. आता तुला सूत दिसणार होतं, रंग दिसणार होते, नव्या कार्डानं केलेली कमाल दिसणार होती. तू डावा डोळा हातानं झाकलास आणि दोन्ही पडदे बघितलेस. मग उजवा झाकलास आणि परत बघितलेस. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मी शपथेवर सांगतो, पण तू एवढंच म्हणालीस की चहा टाक. मी चहा टाकला. निकाल काही आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तू फक्त म्हणायचीस, बघतेय अजून. तेव्हापासून मला एकच ध्यास लागला, की काही झालं तरी नवं चांगलं हे तुझ्या तोंडून वदवून घ्यायचं.

त्यात दुसऱ्या डोळ्याची वेळ आली आणि तू नाही म्हणालीस. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, मंजूनं लाडीगोडी लावली. नाही म्हणजे नाही. एक डोळा नवा नि एक जुना, त्यामुळं तुझा जिन्यातला अंदाज चुकायला लागला होता. एकदा शेवटची पायरी हुकली आणि तू गुडघ्यावर पडलीस. त्या दिवशी मी खरा चिडलो. तुला म्हणालो, हा खेळ नाही आत्या, तुझं हाड मोडलं तर जुनं-नवं करत खाटेवर पडून राहशील. तू गुडघ्याला हळद लावत ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तुझ्या बापाला मी शेवटचं बघितलं ते याच डोळ्यांनी. जसा दिसला तसा पिवळा दिसला. आता तो रंग फक्त डाव्यात उरलाय. हा पण नवा केला की दादा कसा दिसत होता ते मी कुटं बघू?"

बाबा गेले तेव्हा तू त्यांच्या उशाशी किती वेळ बसली होतीस ते मला आठवलं. बहिणीनं भावाला नीट बघून घेतलं, आणि तेही मोतीबिंदूतून, हे आपल्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी तुझ्याजवळ जमिनीवर बसून राहिलो. तू माझ्या पिकलेल्या केसांतून हात फिरवलास आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणालीस, बरं, करू डावा पण. पण आधी येत्या रविवारी शेवटचा सामना. दोन्ही मशीनं, दोन्ही डोळे. थोरल्या डोळ्यानं थोरलं कार्ड, थोरल्या डोळ्यानं धाकटं, धाकट्यानं थोरलं, धाकट्यानं धाकटं, सगळं बघून निकाल सांगते. आणि सोमवारी दवाखान्यात जाऊ.

तो रविवार आलाच नाही. आदल्या गुरुवारी सकाळी शेजारच्या वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तू याच खुर्चीत बसली होतीस, पेपर मांडीवर, चष्मा त्याच्यावर घडी करून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. घरात चहाचा वास अजून होता. मी तुझा हात धरून उभा राहिलो आणि मला सुचत काहीच नव्हतं.

मंजूला सुचलं. ती रडत होती, पण रडता रडताच म्हणाली, आत्यांनी मला सांगून ठेवलंय, डोळे द्यायचे. मला ठाऊक नव्हतं. तू बायकाबायकांत काय काय बोलून ठेवायचीस कोण जाणे. मी नेत्रपेढीला फोन लावला आणि त्यांना प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की एका डोळ्यात प्लास्टिकचं भिंग आहे आणि दुसऱ्यात मोतीबिंदू, तुम्हाला चालत असेल तर बघा. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, भिंग आम्हाला लागत नाही दादा, आम्हाला बुबुळावरचा पारदर्शक पडदा लागतो. दोन्ही लागतात का एक, ते तपासल्यावर कळेल. तोवर पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या, पापण्यांवर ओला कापूस ठेवा. आम्ही तुला खाटेवर निजवलं, मी कापूस भिजवला आणि तुझ्यापुढं येऊन अडलो. आधी उजव्यावर ठेवू का डाव्यावर, तेच कळेना. शेवटी दोन्ही हातांनी एकदमच ठेवला.

त्यांची माणसं आली, त्यांचं काम करून गेली. पापण्या मिटलेल्याच होत्या, तू दुपारची लवंडल्यासारखी दिसत होतीस. त्यानंतरचे दिवस माणसांत गेले, पण माझं अर्धं मन फोनपाशी होतं. माझी खात्री होती, उजवाच लागणार. ऑपरेशन झालेला, चकचकीत, नवा. डाव्यावर एवढी वर्षं मोतीबिंदू साठलेला, त्याला कोण घेणार? मंजूला मी तसं म्हणालो तेव्हा ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, तुम्ही अजून कार्डच घेऊन बसलाय का? हो, बसलो होतो. तू जिवंत नव्हतीस आणि मला अजून तुझ्याशी जिंकायचं होतं. दुसरं काय करू? तुझ्याशी भांडणं हीच तर माझी सवय होती, आणि तीच एक सवय अजून हातात होती.

जे सभेत बोलायला हवं होतं ते आता बोलतो. आत्या, माझ्या चित्रांत जे काही बरं आहे ते सगळं तुझं आहे. बिल्डर म्हणतात, संदेशरावांच्या बंगल्यात ऊन खरं वाटतं. ते ऊन तू लावलंयस. आमच्या धंद्यात दर वर्षी नवं कार्ड येतं, कालचं आज जुनं होतं, माणूस पळत राहतो. त्या पळापळीत दर रविवारी एका तांब्याकडं शांत बसून बघायला मला तू लावलंस. तेव्हा मला वाटायचं मी तुझी करमणूक करतोय.

आज सकाळी फोन आला. नेत्रपेढीतल्या त्याच बाई. मी ऑफिसात होतो, उभाच राहिलो. त्या म्हणाल्या, दोन्ही लागले. दोन वेगवेगळ्या माणसांना बसवले, दोघांच्याही पट्ट्या निघाल्या, दोघांनाही दिसायला लागलंय.

मी विचारलं, कुठला कुणाला बसवला ते सांगता का? त्या म्हणाल्या, तसं आम्ही सांगत नाही. मग माझ्या तोंडून निघून गेलं, की उजव्यावाल्याला जास्त चांगलं दिसत असेल ना, तो नवा केलेला होता. बाईंना वाटलं असेल, दुःखानं याचं डोकं फिरलंय.

"तसं काही नसतं दादा," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखेच होते. आम्हाला तर काही फरक दिसला नाही."

मी फोन ठेवला आणि मंजूला सांगितलं. ती हसायला लागली आणि मी रडायला, थोड्या वेळानं ते उलटं झालं. मग गाळ्याला कुलूप लावलं आणि स्कूटर काढून थेट इथं आलो, तुझा जिना पळत चढलो. एवढं हरून एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता, तो तुला सोडून कुणाला सांगणार? कुठंतरी दोन माणसं आज सकाळी उठली असतील, खिडकी उघडून त्यांनी बाहेरचं ऊन बघितलं असेल, घरच्यांच्या डोक्यावरचे पिकलेले केस मोजले असतील, आणि आपल्या वाट्याला थोरलं आलंय की धाकटं, हे दोघांपैकी एकालाही कळलं नसेल.